सावरीची उंची मोजायला वर चढायलाच हवं का?

जांबोटीकडचा: आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला, देवराईला लागून एक जुनी सावर आहे. आजोबा तिची उंची विहिरीच्या खोलीसारखी परसात, म्हणजे पुरुषभर मापात सांगायचे, "वीस परस". गेल्या आठवड्यात बेळगावची चार पोरं दोर, हेल्मेट घेऊन आली. वर चढून टेप सोडणार म्हणाली. मी नको म्हटलं. तर एकजण निघताना पुटपुटला, जुन्या वळणाचे दिसतात काका. झाड माझ्या मालकीचं, पण मत सगळ्यांचं विचारतो. खालून मोजलं तर काय बिघडतं?

तिसऱ्या गेटचा: त्या चौघांतला मी एक. पुटपुटणारा मी नव्हे, पण माफी मागतो. बिघडतं ते असं. तुमच्या सावरीचा शेंडा बुंध्याच्या बरोबर वर नाही, ओढ्याकडे झुकलाय. समजा तुम्ही ओढ्याच्या बाजूला बुंध्यापासून 30 मीटरवर उभे राहिलात, आणि शेंडा 5 मीटर तुमच्या अंगावर आलाय. मग अंतर 30 मीटरच धरून कोनावरून हिशेब केला की डोळ्यापासून 30 मीटर वर असलेला शेंडा 36 मीटरवर निघतो. सहा मीटरची थाप! बोर्नियोत सबाच्या दानुम खोऱ्यातलं 'मेनारा' नावाचं झाड विमानातल्या लेसरने हेरलं होतं. तरी 2019 च्या जानेवारीत उंदिंग जामी वर चढला, टेप खाली सोडली, तेव्हा 100.8 मीटर पक्कं झालं. आणि आम्ही खिळे मारत नाही. गलोलीने बारीक दोरी फांदीवरून टाकायची, तिच्या मागून जाड दोर ओढून घ्यायचा.

खानापूरची बाई: गणित शिकवते म्हणून मध्ये बोलते. चूक तुमच्या रीतीत आहे, खालून मोजण्यात नाही. बुंध्यापर्यंतचं अंतर घेताच कशाला? लेसरने थेट शेंड्यापर्यंतचं तिरकं अंतर घ्या आणि कोनाच्या साइनने गुणा. तुमच्याच उदाहरणात तिरकं अंतर 39 मीटर, कोन 50 अंश. 39 गुणिले 0.77, आले की 30. झाड कुठंही झुकू दे. डोळ्याखालचा भाग तसाच काढून मिळवायचा. शिवाय आत्ता सावर फुलावर आहे, अंगावर पान नाही, शेंडा लख्ख दिसतोय. पावसाळ्यात गेलात तर लेसर भलत्याच फांदीला लागेल.

नागरगाळीचा आप्पा: काय करलालासा एवढी चर्चा? आमचा आजा मधासाठी झाडाला बांबूच्या खुंट्या ठोकत रात्रीचा वर जायचा. खाली आम्ही धुराची चूड धरून. तेव्हा झाडाला दुखतंय का कुणी विचारलं नाही बघा. पोरं दोरावर चढत असतील तर चढू दे की. पण सावरीवर नको. काड्यापेटीच्या काड्या करायचं लाकूड ते, वरची फांदी कधी दगा देईल सांगता येत नाही. ऐनाचं झाड बघा, नाण्याचं बघा.

गोवावेसची माहेरवाशीण: चढणारे चौघेच असते तर मी गप्प बसले असते. कॅलिफोर्नियातलं 'हायपेरियन' 2006 मध्ये सापडलं. साधारण 116 मीटरचं, जगातलं सगळ्यात उंच जिवंत झाड. ठिकाण गुप्त ठेवलं होतं, तरी फुटलं. माणसांनी पायवाटा पाडल्या, बुंध्याजवळचे नेचे तुडवून संपवले. 2022 मध्ये जवळ जायलाच बंदी घालावी लागली: 5000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आपल्याकडे दंड कोण करणार, जांबोटीचे काका? चोर्ल्याच्या धबधब्यांना जाणाऱ्या गाड्या बघा रविवारी. त्यातल्या दहा वळल्या तरी देवराई संपली.

तिसऱ्या गेटचा: ठिकाण आम्ही टाकणार नाही, शब्द देतो. पण आकडाच नको म्हणू नका. उद्या रस्ता रुंद करायला मोजणीवाले आले तर कागदावर 'सावर, एक' एवढंच येईल. घेर इतका, उंची इतकी असं लिहिलेलं असलं तर निदान भांडता येतं.

गोवावेसची माहेरवाशीण: भांडायला घेर पुरतो. त्याला दोर लागत नाही.

खानापूरची बाई: दोघांनाही हो. फक्त घेर बुंध्याशी पंखांसारख्या पसरलेल्या मुळांच्या वर घ्या, नाहीतर तोही फुगेल.

जांबोटीकडचा: आप्पा, खुंट्यांवरून आठवलं. सावरीच्या दुसऱ्या बेचक्यात आग्या मोहोळ आहे, सुपाएवढं. पोरांनी ते पाहिलंच नव्हतं, सगळे शेंड्याकडे बघत होते.

तिसऱ्या गेटचा: खरंच नाही पाहिलं. मेनारावर उंदिंगलाही मधमाश्यांनी भंडावलं होतं, वरून एक गरुड अंगावर येत होता. ते मघाशी मुद्दाम सांगितलं नाही.

नागरगाळीचा आप्पा: सांगायचंस की रे! पाऊस लागला की मोहोळ उठतंय. तवर दोर घरात ठेव.

जांबोटीकडचा: रविवारी सकाळी या. लेसर बाई आणतील, टेप माझ्याकडे आहे. पावसानंतरचं पावसानंतर बघू, आत्ता हो म्हणत नाही. आणि गाडी देवळापाशी लावून चालत या.