सॅक्सोफोनला गिटारचा वाह पेडल कसा जोडायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आल्टो सॅक्स वाजवतो. अमेरिकन सॅक्सवादक मायकेल ब्रेकरचा ब्रेकर ब्रदर्स बँडमधला वाह (पायाने पेडल हलवून आवाज ‘वाव-वाव’ करणारा इफेक्ट) लावलेला सॅक्स ऐकल्यापासून डोक्यात तेच!

मित्राचा गिटारचा वाह पेडल आणला. डायनॅमिक माइक थेट त्यात लावला, तर आवाज अगदी मरतुकडा. पेडलला गिटारचा हाय इम्पिडन्स (जास्त विद्युत अवरोधाचा) सिग्नल लागतो, माइकचा फार कमकुवत, एवढं कळलं. मग मध्ये प्रीअ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारा) घ्यावा की इम्पिडन्स जुळवणारा ट्रान्सफॉर्मर पुरेल? आणि डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावला की मॉनिटर, म्हणजे स्टेजवरचा स्पीकर, फीडबॅकने शिट्ट्या मारतो, त्यावर उपाय?

1960च्या दशकात जॅझ सॅक्सवादक एडी हॅरिस वाजवायचा त्या सेल्मर व्हॅरिटोन या इलेक्ट्रिक सॅक्ससारखा पिकअप (वाद्यातच बसवलेला छोटा माइक) बसवला तर फीडबॅक कमी होईल म्हणतात. पण त्यासाठी सॅक्सच्या नेकला (वरच्या वाकड्या नळीला) भोक पाडायचं? हात धजत नाही हो. आधीच खाऱ्या हवेनं पितळ काळवंडलंय. कोणी केलंय का असं?