अरांचा नुसती बॉल परतवणारी नव्हती

कोणीतरी म्हटलंय की स्पेनची टेनिसपटू अरांचा सांचेझ व्हिकारिओ म्हणजे नुसती बॉल परत टाकणारी, समोरची चुकायची म्हणून ही जिंकायची. नाही पटलं बुवा. १९८९ची फ्रेंच फायनल आठवा, पोरगी १७ वर्षांची, समोर जर्मनीची, तेव्हाची नंबर एक स्टेफी ग्राफ, तिसऱ्या सेटमध्ये स्टेफी ५-३ने पुढे आणि मॅचसाठी सर्व्हिस करतेय (म्हणजे हा गेम घेतला की मॅच तिची), तिथून हिने ७-५ काढली, हे काय नुसतं परतवून होतं का? आणि १९९४ला तर फ्रेंच आणि यूएस ओपन दोन्ही, यूएसला पहिला सेट १-६ गेल्यावर परत स्टेफीलाच हरवून!

विम्बल्डन मात्र नाहीच मिळालं, १९९५ आणि ९६ दोन्ही फायनल स्टेफीकडेच हरली. ९५ला तिसऱ्या सेटमध्ये ५-५ असताना तो एक गेम, १३ वेळा ड्यूस (म्हणजे ४०-४० अशी बरोबरी), शेवटी स्टेफीने सर्व्हिस तोडली, म्हणजे अरांचाच्या सर्व्हिसवरचा तो गेम जिंकला, आणि मॅच तिथेच फिरली. (गंमत म्हणजे विम्बल्डनच्या गवतावर जिंकली ती दुसरी स्पॅनिश, कोंचिता मार्टिनेझ, १९९४ला, तेही नऊ वेळा विम्बल्डन जिंकलेल्या मार्टिना नवरातिलोव्हाला हरवून.) शिवाय ऑलिंपिकची चार मेडल्स आहेत, गोल्ड नाही त्यात, पण तरी चार.