एक सिनेमा, चार फाइली: 'बाकी डिलीट करा' म्हणणाऱ्यांसाठी

गिरगावचा_गणपा
कालच्या हार्डडिस्कच्या धाग्यावर एका सभासदाने ठणकावलंय: "एका सिनेमाची एकच फाइल ठेवायची, सगळ्यात नवी आणि सगळ्यात मोठी. बाकी डिलीट." तिथेच लिहिणार होतो, पण उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

सगळ्यात नवी तीच खरी, हे कुणी ठरवलं? 'शोले' घ्या. १९७५ साली थिएटरात लागला त्यात शेवटी पोलीस येतात आणि गब्बर वाचतो, कारण आणीबाणीतल्या सेन्सॉरला ठाकूरने कायदा पायाखाली घेतलेला चालला नाही. आधी चित्रित झालेला, ठाकूर गब्बरला मारतो तो शेवट २०२५ च्या रिस्टोअर केलेल्या प्रतीत आहे. उत्तम. पण मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं लोकांनी रांगा लावून पाहिला तो पोलीसवालाच ना? तो उडवू? 'ब्लेड रनर'चं तसंच. १९८२ च्या प्रतीत नायकाचं निवेदन आहे, १९९२ आणि २००७ च्या प्रतींत नाही. ज्याला निवेदन आवडतं त्याने कुठे जायचं?

माझी पद्धत सरळ. जेलिफिनमध्ये (घरच्या सर्व्हरवरून टीव्हीवर सिनेमे दाखवणारं सॉफ्टवेअर) फोल्डरचं जे नाव तेच प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला, वर्षासकट अक्षरन् अक्षर. मग स्पेस, डॅश, स्पेस आणि पुढे 'थिएटर' की 'मूळ शेवट' ते. एका पोस्टरखाली सगळे नांदतात.

मुलुंड_चेकनाका
तो सभासद मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं, मी काही अब्रूनुकसानीचा दावा लावत नाही.

तुमच्याकडे जागा असेल. आमच्या हॉलमध्ये डिस्कचा डबा टीव्हीखाली आणि डब्यापासून चार फुटांवर वडिलांचा पलंग. रात्री डिस्क करकरायला लागली की ते उठून बटण बंद करतात. एकेका ४के रिमक्सचे (डिस्कवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल) साठ-सत्तर जीबी, त्यात चार-चार आवृत्त्या, वर त्या सगळ्याचा बॅकअप. पैसे कोण देणार, धागाकर्ते?

आणि ते 'एका पोस्टरखाली' कौतुक पुरे. वडिलांनी एकदा एक इंग्रजी सिनेमा लावला. यादीतली नेमकी कॉमेंटरीवाली फाइल लागली. वीस मिनिटं दिग्दर्शक पडद्यामागच्या गोष्टी सांगतोय आणि वडील मला ऑफिसात फोन करून म्हणतात, "अरे, टीव्हीवर शेजारच्यांचा रेडिओ ऐकू येतोय." त्या दिवसापासून एक सिनेमा, एक फाइल.

पार्ल्याची_सई
तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय.

१०८०पी आणि ४के म्हणजे चित्राची स्पष्टता कमी-जास्त, पण तोच सिनेमा. ते एकत्र ठेवा. जुन्या टीव्हीला ४के झेपत नसेल तर त्याच्यासाठी १०८०पीची फाइल तयार असते, सर्व्हरला सिनेमा चालू असतानाच ट्रान्सकोड, म्हणजे फाइलचं रूपांतर, करत धापा टाकाव्या लागत नाहीत. पण कट, म्हणजे सिनेमाचं संपादनच, वेगळा असेल तर नोंदही वेगळीच हवी. जेलिफिनसारख्याच प्लेक्समध्ये २०२२ पासून 'एडिशन' आहे: फाइलच्या नावात महिरपी कंसात लिहायचं, की प्रत्येक कटाला स्वतःचं पोस्टर आणि 'पाहिला'ची स्वतःची खूण. त्यासाठी पैसे भरून पास घ्यावा लागतो, हे आहेच. कोडी नावाच्या प्लेअरमध्येही २०२४ च्या २१व्या आवृत्तीपासून ही सोय आली आहे.

बाकी चेकनाका, कॉमेंटरी हा ऑडिओ ट्रॅक असतो. फाइल कशाला उडवायची? मूळ आवाजाचा ट्रॅक डिफॉल्ट करायचा, काम फत्ते.

मुलुंड_चेकनाका
ताई, हे माझ्या वडिलांना तुम्ही येऊन समजावा. चहा पाजतो.

दादरचा_दामू
मी दोन प्रती ठेवतो कारण कंपन्या कापतात! भावाने युरोपातून आणलेल्या डीव्हीडीवर १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. सहा मिनिटं गिळली. तिथल्या सेन्सॉरचा हात असणार.

पार्ल्याची_सई
पाल डिस्क आहे ती, युरोपातल्या टीव्हीच्या पद्धतीची. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा २५ ने पळवतात, चार टक्के लवकर संपतो. १५० चे बरोबर १४४. एक फ्रेमही कापलेली नाही. दुसऱ्या प्रतीची सबटायटल्स लावलीत तर दर मिनिटाला आणखी मागे पडत जातील, बघा.

दादरचा_दामू
गाणी चढ्या सुरात वाजायची ती त्यामुळे होय! मी स्पीकरला शिव्या घालत होतो. असो. तरी दोन्ही ठेवणार, डिस्क माझी आहे.

चाळीतला_जुना
तुमचं चालू द्या, पण 'मुघल-ए-आझम'चं काय? मूळ १९६० चा बहुतांश कृष्णधवल, त्यात शीशमहालाचं गाणं एकदम रंगीत उजळायचं. तो धक्का हाच सिनेमा होता! २००४ मध्ये सगळाच रंगवला, वर लांबीही कमी केली. आता पोरं रंगीत पाहतात आणि म्हणतात, "आजोबा, या गाण्यात विशेष काय?" सईताई, तुमच्या एडिशनमध्ये या पापाला कुठला कंस?

गिरगावचा_गणपा
जुनेसाहेब, म्हणूनच म्हणतो, दोन्ही ठेवा, शेजारी शेजारी.

माहीमचा_मास्तर
'शेजारी' म्हणालात म्हणून विचारतो. प्रभात फिल्म कंपनीचे मराठी-हिंदी जोड सिनेमे कसे लावता? १९३७ चे 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', १९४१ चे 'शेजारी' आणि 'पडोसी'. मी दोन्ही जोड्या एकेका फोल्डरात ठेवल्यात. दिग्दर्शक शांतारामबापू, कथा तीच. भाषा तेवढी वेगळी.

चाळीतला_जुना
भाषा तेवढी? मास्तर, हे डबिंग नाही. प्रत्येक शॉट दोनदा घेतलाय! 'शेजारी'त केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. 'पडोसी'त हिंदू ठाकूर झाला मझहर खान आणि मुसलमान मिर्झा झाले जागीरदार. मुसलमान नटाला हिंदू आणि हिंदू नटाला मुसलमान करणं हाच त्यातला डाव होता. 'शेजारी'त दाते हिंदूच, म्हणजे तो डाव मराठीत नाहीच. दोन सिनेमे आहेत हे.

माहीमचा_मास्तर
'कुंकू'त मात्र दोन्हीकडे शांता आपटे आणि दातेच. तिथे काय म्हणाल?

चाळीतला_जुना
तिथेही दोन. नायिकेने मराठीत सुनावलेलं आणि हिंदीत सुनावलेलं सारखं वाटत असेल तर तुमच्या कानाचा इलाज करा.

माहीमचा_मास्तर
वैयक्तिक व्हायची गरज नाही. मी तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलंय.

मुलुंड_चेकनाका
हार्डडिस्कचा धागा होता हो.

पार्ल्याची_सई
मास्तर, जुन्यांचा आवाज चढलाय पण मुद्दा बरोबर आहे. शॉट वेगळा, नट वेगळा, म्हणजे नोंद वेगळी. दोघांचं एक कलेक्शन करा आणि त्याला 'प्रभात' नाव द्या. फोल्डर वेगळे, पण दिसतील एकत्र.

गिरगावचा_गणपा
बरं, सईताईंच्या कृपेने 'शोले'चे दोन कट मी वेगळे काढतो. एक पोस्टर वाढल्याने माझं घर बुडत नाही. चेकनाकांनी किमान पोलीसवाला तरी डिलीट करू नये.

मुलुंड_चेकनाका
पोलीसवाला कधीच गेला. वडिलांनाच नको होता, ते म्हणाले, "गब्बर मेला पाहिजे."

माहीमचा_मास्तर
कलेक्शन वगैरे ठीक. पण 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' एकाच फोल्डरात आहेत आणि राहतील. जुनेसाहेबांनी माझ्याकडे येऊन माउस धरून दाखवावा.

चाळीतला_जुना
रविवारी मोकळा आहे. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा.