पोर्तुगीज अनेकवचन : 'आउं'ची तीन रूपं कशी ओळखायची?

प्रश्न (धागाकर्ता : काना_मात्रा)

इंग्रजीच्या आधाराने पोर्तुगीज शिकणाऱ्या एका गटासाठी नामांच्या अनेकवचनाचं टिपण करतो आहे. स्वरान्त नामाला एस लावायचा (काझा-काझास, लिव्रु-लिव्रुस), आर आणि झेडनंतर ईएस (फ्लोर-फ्लोरिस, लुस-लूझिस), शेवटच्या एमचा एन करून पुढे एस. इथपर्यंत कुणी अडत नाही. गाडी अडते ती तीन ठिकाणी. 'आउं'ने संपणारी नामं : माउं (हात) चं माउंस, पाउं (पाव) चं पाइंस, लिमाउं (लिंबू) चं लिमोइंस. हे आधीच ओळखायची काही खूण आहे का? दुसरं, शेवटी एल असलेले शब्द. तिसरं, विद्यार्थी लिहितात बरोबर, पण अनेकवचन बोलताना काहीतरी चुकतंय असं ऐकणारा म्हणतो. उच्चार ब्राझीलच्या वळणाने लिहिलेत. लिस्बन आणि रिओमध्ये शेवटचा एस 'श' ऐकू येतो.

अर्धस्वर :

एकवचनाकडे बघून खात्रीने सांगता येत नाही, कारण फरक एकवचनातच पुसला गेलाय. लॅटिनमध्ये ही तीन वेगळी शेपटं होती, साधारण -आनु, -आने, -ओने अशी. दोन स्वरांमधला न पोर्तुगीजमध्ये गळाला आणि मागे अनुनासिक ठेवून गेला. पुढे एकवचनात तिन्ही शेपटं 'आउं' या एकाच रूपात मिसळली, अनेकवचनात मात्र वेगळी राहिली. म्हणून नाम पाठ करतानाच अनेकवचन जोडीने पाठ करावं.

तरी कामचलाऊ क्रम असा. शंका असेल तर 'ओइंस' लावा. बहुसंख्य नामं त्यातच बसतात आणि नवीन शब्दही तिकडेच जातात. इंग्रजीत '-शन'ने संपणाऱ्या शब्दांचे पोर्तुगीज भाऊबंद, म्हणजे नासाउं (राष्ट्र), इन्फोर्मासाउं (माहिती), हमखास ओइंस घेतात. इंग्रजी येणाऱ्यांना एवढ्या एका नियमात शेकडो शब्द फुकट मिळतात. आघात (उच्चारातला जोर) शेवटच्या अक्षरावर नसेल तर नेहमी नुसता एस : ऑर्गाउं-ऑर्गाउंस, ऑर्फाउं-ऑर्फाउंस. बेंसाउं (आशीर्वाद) लेखनात '-शन'वाल्यांसारखा दिसतो, पण आघात पहिल्या अक्षरावर आहे, म्हणून बेंसाउंस.

आघात शेवटी असूनही नुसता एस घेणारे रोजच्या वापरातले शब्द थोडे : माउं, इरमाउं (भाऊ), सिदादाउं (नागरिक), क्रिस्ताउं (ख्रिस्ती), ग्राउं (दाणा). 'आइंस'वाले त्याहून कमी : पाउं, काउं (कुत्रा), आलेमाउं (जर्मन), कापिताउं (कप्तान). या दोन याद्या एका कागदावर मावतात.

तिरकी_रेघ :

गटात कुणाला स्पॅनिश येत असेल तर याद्यांचीही गरज नाही. स्पॅनिशमध्ये तो न टिकून आहे. लिमोन असेल तिथे ओइंस, कापितान असेल तिथे आइंस, एर्मानो असेल तिथे आउंस.

अर्धस्वर :

युक्ती चांगली आहे, पण -ओनपुरतीच भरवशाची. स्पॅनिश व्होल्कान आणि उराकान बघा : पोर्तुगीजमध्ये व्हुल्कोइंस (ज्वालामुखी) आणि फुराकोइंस (चक्रीवादळं) रूढ आहेत. स्पॅनिश वेरानोवरून उन्हाळ्याचं 'वेराउंस' निघेल. ते चूक नाही, पण लोक वेरोइंस म्हणतात. याद्या ठेवाच.

शेवटचा_एल :

एलबद्दल. इंग्रजीत 'ॲनिमल' आणि 'होटेल' याच स्पेलिंगने लिहितात, त्यामुळे हात आपोआप एलपुढे एस लिहितो. पोर्तुगीजमध्ये एल (खालच्या उच्चारांत तो 'उ' ऐकू येतो) जातो आणि आय-एस येतो : आनिमाउ-आनिमाइस, ओतेउ-ओतेइस, आझुउ (निळा)-आझुइस. कारण वरच्यासारखंच, दोन स्वरांमधला लही गळाला. माउ (वाईट गोष्ट, शेवटी एल) चं मालिस आणि कोंसुउ (वाणिज्यदूत) चं कोंसुलिस एवढे दोन अपवाद सांगितले तरी पुरे.

खरा घोळ ऐकण्यात आहे. ब्राझीलमध्ये शेवटचा एल 'उ'सारखा उच्चारतात, त्यामुळे पापेउ (कागद) आणि शापेउ (टोपी) यांचं यमक जुळतं. पण कागदाच्या शेवटी एल आहे, टोपीच्या शेवटी खरोखर यू आहे. म्हणून पापेइस, पण शापेउस. नुसतं ऐकून शिकणारा इथे फसणारच. स्पेलिंग बघावंच लागतं.

आय-एलने संपणाऱ्यांत आघात बघा, आणि तो लेखनातच दिसतो. आधीच्या स्वरावर चिन्ह असेल (फॉसिउ, फासिउ) तर -एइस : फॉसेइस (जीवाश्म), फासेइस (सोपे). चिन्ह नसेल तर आघात शेवटी, आणि एलच्या जागी फक्त एस : बाहिउ (पिंप) चं बाहिस.

एसने संपणाऱ्यांनाही आघातच लागू. मेस (महिना)-मेझिस, आणि अनेकवचनात स्वराच्या डोक्यावरचं टोपीसारखं चिन्ह (^) जातं. लापिस (पेन्सिल) मात्र एक असो वा दहा, लापिसच. बदल फक्त उपपदात दिसतो.

उघडा_ऑ :

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा हे : काही पुल्लिंगी शब्दांत अनेकवचन होताना आतला 'ओ' उघडून 'ऑ' होतो, आणि लेखनात त्याचा मागमूस नसतो. ओवु (अंडं)-ऑवुस, ओल्यु (डोळा)-ऑल्युस, कोर्पु (शरीर)-कॉर्पुस, झोगु (खेळ)-झॉगुस. पण बोलु (केक)-बोलुस, गोस्तु (चव)-गोस्तुस. आपल्याला ओ आणि ऑ वेगळे लिहिता येतात, तेव्हा टिपणात सरळ देवनागरीतच द्या. इंग्रजी स्पेलिंगमधून हा फरक समजावणं जिवावर येतं.

स्त्रीलिंगी जोडी असेल तर ती बघा. नोवु-नॉवा (नवा-नवी), म्हणून नॉवुस. पोर्कु-पॉर्का (डुक्कर), म्हणून पॉर्कुस. लोबु-लोबा (लांडगा) मध्ये ओ बंदच राहतो, म्हणून लोबुस. बहुतेकदा जुळतं. फामोझुसारखी (प्रसिद्ध) विशेषणं न चुकता उघडतात : फामॉझुस.

शेवटच्या एसपुढे स्वर आला की तो झ होतो. 'काझास आझुइस' एका दमात म्हटलं की 'काझाझाझुइस' ऐकू येतं. दोन शब्द तोडून म्हटले की परकेपणा लगेच कळतो.

तिरकी_रेघ :

इंग्रजीच्या सवयीतून येणाऱ्या आणखी दोन चुका टिपणात घालाच. एक, विशेषण तसंच ठेवणं. उपपद, स्वामित्वदर्शक, विशेषण सगळ्यांना अनेकवचन हवं. दुसरी, इंग्रजीत 'माहिती' आणि 'सल्ला' मोजत नाहीत म्हणून इथेही एकवचनच वापरणं. पोर्तुगीजमध्ये इन्फोर्मासोइंस आणि कोंसेल्युस सर्रास चालतात. उलट 'झेंची' (लोक) अर्थाने अनेक असूनही क्रियापद एकवचनी घेतो.

आणि ब्राझीलच्या बोलीत 'उस मेनिनु' असं, म्हणजे फक्त उपपदाला एस लावून नाम (मुलगा) तसंच ठेवलेलं, सतत कानावर पडेल. समजून घ्यायला ते यावं. परीक्षेत लिहिलं तर गुण जातील.