भांगाची भरती: हा ‘भांग’ कुठला?

खाजणकाठ

डोल जाळ्यांच्या, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्यांच्या, मासेमारीवरचा एक संशोधन अहवाल मराठीत आणते आहे. सारांश मच्छीमार सोसायटीत वाटायचा आहे. अहवालात ‘नीप टाइड’ हा शब्द पानोपानी येतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तो काळ. आधीच्या मसुद्यात त्याला ‘लघुतम भरती’ म्हटलं होतं. परवा सोसायटीत तो मसुदा वाचून दाखवला. ‘लघुतम भरतीच्या कालावधीत डोल जाळ्यांतील उत्पादनात घट आढळते’ हे वाक्य आलं आणि समोर जाळं शिवत बसलेल्या काकांनी सुई थांबवून विचारलं, “ही कुठची भरती?” मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, “मंग भांगात डोल भरत नाय, असं लिव्हा ना.”

शाळेच्या भूगोलात ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’ ही जोडी आपण सगळेच शिकलो. तरी मसुद्यात ती का टाळली असावी? ‘भांग’ म्हटलं की लोकांना होळी आठवेल, ही भीती असेल का? या भांगाचा उगम काय असावा? आणि ‘भांगाची भरती’ म्हणावं की नुसतं ‘भांग’?

काना_मात्रा

होळीची भीती व्याकरणच घालवतं. प्यायची ती भांग, स्त्रीलिंगी. तिची रूपं ‘भांगेची नशा’, ‘भांगेचा गोळा’ अशी होतात. भरती मात्र ‘भांगाची’, ‘भांगेची’ नव्हे. म्हणजे हा शब्द पुल्लिंगी आहे आणि चालतो केसांतल्या भांगासारखा: भांगात कुंकू, भांगात डोल. एका काना-मात्रेने दोन शब्द इतके स्वच्छ वेगळे ठेवलेत, याचं मला फार कौतुक वाटतं.

उगमाबद्दल माझं मत ‘भंग’कडे झुकतं. उधाणाचा जोर मोडतो तो भांग. पुरावा म्हणून नाही, अर्थाला बसतं म्हणून सांगतो. ‘लघुतम’ला माझा आक्षेप वेगळाच आहे. त्यात फक्त भरती लहान होते, ओहोटीचं काय होतं ते कळत नाही.

सुकती

ओहोटीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मुंबईच्या अपोलो बंदराचे आकडे पाहा. उधाणात सरासरी भरती ४.४२ मीटरपर्यंत चढते आणि ओहोटी ०.७६ मीटरपर्यंत उतरते, म्हणजे ३.६६ मीटरचा फरक. भांगात भरती ३.३० आणि ओहोटी १.८६, फरक जेमतेम १.४४ मीटर. भांगाच्या ओहोटीला पाणी उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर वर राहतं. धड चढत नाही, धड उतरत नाही, तो भांग. कारण सगळ्यांना माहीत आहे: अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, अष्टमीच्या सुमारास काटकोनात.

आता ‘उधाण’कडे वळते. शहरातल्या माणसाला उधाण म्हणजे खवळलेला, चढलेला समुद्र. ‘चर्चेला उधाण’, ‘आनंदाला उधाण’ हे सगळे अर्थ चढत्या पाण्याचे. माझी आजी कालवं काढायला जायची. तिच्यासाठी उधाण म्हणजे पाणी लांब जाण्याचे दिवस. एरवी न दिसणारे खडक उघडे पडायचे ते उधाणातच. हातात कोयती, कमरेला टोपली, पहाटे निघायची आणि पाणी वळायच्या आत परत. “उधानाची सुकती हाय, लवकर चला,” हे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की उधाण म्हणजे ओहोटीच, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. खडकांवरच्या जीवांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही हेच दिवस गाठून किनाऱ्यावर उतरतात.

म्हणून ‘भांगाची भरती’ हे अर्धंच नाव आहे. नुसतं ‘भांग’, ‘भांगाचे दिवस’, ‘भांगाचं पाणी’ हेच पूर्ण.

मोहोर_ते_खोला

खाजणकाठताई, काका बरोबर बोलले. डोलीचं गणित पाण्याच्या उंचीचं नाही, ओढीचं आहे. डोल म्हणजे लांब पिशवी. तोंड मोठं, मागे निमुळती होत जाते, शेवटाला खोला. तोंड खुंटांना बांधून प्रवाहासमोर धरायचं. आम्ही मासळीच्या मागे जात नाही, पाणी बोंबील-जवळा आणून खोल्यात भरतं. पाणी वळायच्या आधी, ते थबकतं तेवढ्या वेळात जाळं उचलायचं. आता भांगात पाणीच हलत नाही तर पिशवी फुगणार कशी? जाळं लोळतं. त्या दिवसांत आम्ही जाळी शिवतो, बोट दुरुस्त करतो. काका सुई घेऊन बसले होते म्हणता, बहुतेक भांगच असणार.

अहवालात ‘उत्पादनात घट’ लिहिलंय त्याने मला काळजी वाटते. घट म्हटलं की मासळी कमी झाली असा अर्थ होतो. मासळी आहे, ओढ नाही. हा फरक भाषांतरात हरवू देऊ नका. बोंबील खरोखर कमी झाला तेव्हा तेही सांगायला शब्द शिल्लक राहिला पाहिजे.

काना_मात्रा

‘ओढ’ हा शब्द दिल्याबद्दल मनापासून आभार. अशा मजकुरात एरवी ‘प्रवाहाची तीव्रता’ वाचायला मिळते.

सुकती

तिथी आणि घड्याळ यांची जुनी सांगड मी शाळेत शिकवते, तीही सारांशात घ्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला ८ × ३/४ = ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, बाराला ओहोटी. द्वितीयेला दीड वाजता भरती, साडेसातला सुकती. आजी पहाटे का निघायची ते यात आलं. खरं तर १५ तिथींत भरती १२ तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. आपण ४५ धरतो, त्यामुळे पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची चूक साठते. मुंबईच्या आसपास हे चालतं, दक्षिणेकडे जाल तसं बदलतं.

खाजणकाठ

सगळ्यांचे आभार. ‘लघुतम भरती’ काढली. एक जोडप्रश्न आहे. पावसाळ्यात दर वर्षी बातमी येते, ‘समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’. हीही उधाणाचीच गोष्ट ना?

सुकती

उधाणाचीच, आणि बातमी चुकीची. साडेचार मीटर ही भरतीची पातळी असते, सागरी नकाशाच्या शून्य पातळीपासून मोजलेली. लाटेची उंची नव्हे. वारा पडलेला असेल तर साडेचार मीटरच्या भरतीलाही पाणी शांतपणे चढतं. धोका वेगळा आहे: त्या वेळी जोराचा पाऊस झाला तर नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही आणि शहर तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी दुपारी मोठी भरतीही होती. ‘लाटा’ वाचून लोक मरीन ड्राइव्हला पाहायला जातात. ‘उधाणाची भरती, पाणी तुंबू शकतं’ असं वाचलं तर घरी लवकर निघतील. इथे शब्द चुकवून चालत नाही.

मोहोर_ते_खोला

आमच्याकडे लाट म्हणजे लाट आणि भरती म्हणजे भरती. वारा नसताना उधाण येतं आणि भांगातही वादळ होतं. दोन्ही एकदम आलं तरच किनाऱ्याला खरी भीती.

खाजणकाठ

काल सुधारलेला मजकूर सोसायटीत वाचला. वाक्य आता असं आहे: ‘भांगात पाण्याला ओढ नसते, म्हणून डोल भरत नाही. उधाण लागलं की पुन्हा भरते. मासळी खरंच कमी झाली का हे पाहायचं तर या वर्षीचं उधाण गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यातल्या उधाणाशी ताडून पाहावं.’ काकांनी या वेळी सुई थांबवली नाही. वाचून झाल्यावर एवढंच विचारलं, “पापलेटचं पान कधी आननार?”