अनुभव धागा: रस्त्यांच्या देखभालीचा पैसा नेमका कुठे अडतो?

शहरातील रस्त्यांसाठी आणि वाहतूक प्रकल्पांसाठी निधी अपुरा असल्याचे आपण वारंवार ऐकतो, पण तो कोणत्या टप्प्यावर अपुरा पडतो हे क्वचितच सांगितले जाते. मी काही वर्षे एका नगर प्रशासनाच्या लेखा विभागात होतो. अंदाजपत्रक जुळेनासे झाले की कात्री प्रथम देखभालीच्या लेखाशीर्षाला लागे, कारण वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जाचे हप्ते यांना हात लावता येत नसे, चालू प्रकल्प थांबवला तर ठेकेदार नुकसानभरपाई मागे, आणि न भरलेल्या भेगेबद्दल त्या वर्षी तरी कोणी तक्रार करत नसे. या क्षेत्राशी संबंध आलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत. खड्ड्यांची छायाचित्रे सर्वांकडे आहेतच. येथे तपशील हवा आहे.

रस्ते विभागातील निवृत्त अभियंता

डांबरी रस्ता दर वर्षी सारख्याच गतीने खराब होत नाही. सुरुवातीची वर्षे तो तग धरतो. मग भेगांतून पाणी खडीच्या थरात उतरते, पाया मऊ पडतो आणि पुढची घसरण झपाट्याने होते. भेगा वेळेवर भरल्या किंवा वरून पातळ थर दिला तर थोडक्यात भागते, पाया गेल्यावर मात्र सगळे उकरून नव्याने बांधावे लागते. आमच्याकडे सर्वेक्षण करून प्रत्येक रस्त्याला ० ते १०० असा स्थिती निर्देशांक दिला जाई. पैसे मात्र यादीच्या तळाच्या, म्हणजे हातचे गेलेल्या रस्त्यांना मिळत, कारण ओरड तिथली असे. ज्या रस्त्याला साठ-पासष्ट गुण असत आणि जो अल्प खर्चात वाचला असता, तोच काही वर्षांनी तळाशी भेटे. एकदा मी हा क्रम उलटा करण्याचे सुचवले, तेव्हा बैठकीत प्रश्न आला, ‘चांगल्या रस्त्यावर पैसे कशाला घालता?’ उत्तर माझ्याजवळ होते, पण ते मतदारांना समजावून सांगण्याची जबाबदारी माझी नव्हती.

लहान ठेकेदार

देयके वर्षभर थकतात, हे आम्हाला ठाऊक असते. त्यामुळे पुढची निविदा भरताना व्याजाचा बोजा दरातच धरावा लागतो. शिवाय डांबर खनिज तेलातून येते. भाव चढला आणि करारात भाववाढीचे कलम नसेल, तर काम रेंगाळते. म्हणजे तिजोरीत खडखडाट असलेल्या शहराला तोच रस्ता महाग पडतो.

बससेवेच्या नियोजन विभागातून

आमच्या गाड्या वरिष्ठ सरकारच्या अनुदानातून आल्या. अनुदान केवळ खरेदीसाठी होते. चालकांचे वेतन, टायर, सुटे भाग आणि आगाराची वीज आमच्याच माथी. चालू खर्चाची तरतूद घटली, तेव्हा नव्या गाड्या आगारात उभ्या राहिल्या आणि एकीचे भाग काढून दुसरी चालवण्याची वेळ आली. फेऱ्या कमी झाल्याने प्रवासी घटले, उत्पन्न घटले, आणि पुढच्या वर्षी तेच आकडे दाखवून तरतूद आणखी कमी करण्यात आली.

मूळ धागाकर्ता

उत्पन्नाची बाजूही पाहावी. अमेरिकेत पेट्रोलवरील संघीय कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटच आहे. तो महागाईशी जोडलेला नाही, त्यामुळे २००८ पासून तेथील महामार्ग निधीत सर्वसाधारण तिजोरीतून वारंवार भर घालावी लागली आहे. विजेवर चालणारी वाहने तर हा कर भरतच नाहीत.

पुन्हा अभियंता

आणि झीज कोण करते? इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या रस्ता चाचणीवरून असा ढोबळ नियम निघाला की आसावरील भार दुप्पट झाला की झीज सुमारे सोळापट होते. वाहनकर त्या प्रमाणात वाढलेला मी तरी पाहिला नाही.

परवाना शाखेतील माजी लिपिक

नळ किंवा केबल टाकण्यासाठी रस्ता खोदणाऱ्यांकडून आम्ही पुनर्बांधणीचे शुल्क आगाऊ घेत असू. ते सर्वसाधारण खात्यात जमा होई आणि तेथून बाहेर पडताना ते कोणत्या चरासाठी आले होते, याची नोंद उरत नसे. रस्ते विभाग निधी मागे, लेखा विभाग ‘तरतूद संपली’ असा शेरा मारून नस्ती परत करी, आणि शुल्क भरल्याची पावती माझ्या कपाटात व्यवस्थित लावलेली असे.