मदत हवी आहे: सोलर कारचं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) विनाकारण कट मारतंय

नमस्कार मंडळी, आमच्या कॉलेजच्या सोलर कारमध्ये लिथियम-आयन 18650 सेलचा पॅक आहे, दोन पेट्यांत विभागलेला. चढावर जोर दिला, करंट 70 अँपिअरला गेला, की बीएमएस अंडरव्होल्टेज (व्होल्टेज फार कमी) म्हणून काँटॅक्टर, म्हणजे पॅकचा मुख्य स्विच, उघडतं आणि गाडी जागच्या जागी गप्प. लॉगमध्ये बाकीचे गट (समांतर जोडलेले सेल) 3.4 व्होल्टवर, एकच 2.7 वर. पण मल्टीमीटर थेट त्या सेलवर धरला तर तिथेही 3.4!

गंमत म्हणजे रीजनला (ब्रेक मारताना मोटर उलट बॅटरी चार्ज करते तेव्हा) हाच गट इतरांपेक्षा जास्त दाखवतो. त्यामुळे सेल मेलाय असं मला वाटत नाही. दोन पेट्यांना जोडणारी केबल नेमकी याच गटाच्या सेन्स वायरींच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या तारांच्या) मध्ये येते. तिचा ड्रॉप (तिच्यात पडणारं व्होल्टेज) रीडिंगमध्ये मिसळत असावा. आधी केबलच्या टोकाचे लग उघडून साफ करतोय, पण 70 अँपिअरला 0.7 व्होल्टचा फरक, म्हणजे 10 मिलिओहम, हे जरा जास्तच.

वेगळी सेन्स वायर ओढायची की सॉफ्टवेअरमध्ये भरपाई करायची? भरपाईवर माझा विश्वास नाही, खरा बिघाड झाकला जाईल.

आणखी एक: काँटॅक्टर उघडताना एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा कंट्रोलर) चालू असेल तर बसचं, म्हणजे मुख्य वीजवाहिनीचं, व्होल्टेज उसळतं. आधी पॅनलची जोडणी तोडायची, हे तुम्ही हार्डवेअरने करता का? सेलऐवजी बेंच सप्लाय आणि रेझिस्टरची साखळी लावून कोणी बीएमएसची चाचणी घेतली असेल तर जोडणी सांगा.